डबा घरात यायला एक तास

माझ्यासारख्या माणसाला कुणी तासभर गप्प बसवलं, यावर माझ्या आईचा अजूनही विश्वास बसत नाही. ते शाळेत मास्तरांना जमलं नाही, ऑफिसात साहेबांना जमत नाही, आणि मधुराला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नाच्या नऊ वर्षांत एकदाही जमलेलं नाही. ते जमलं सिंगापुरात, हौगांगला अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या रामटेके मॅडमना. दर शनिवारी, दुपारी तीन ते चार. आणि कशासाठी म्हणाल, तर वाटीभर हिरव्या पाण्यासाठी!

मी चिंचवडचा. आमच्याकडे चहा म्हणजे आलं ठेचायचं, पातेलं आदळायचं, दूध उतू गेलं की एकमेकांवर ओरडायचं आणि घोट घशाखाली उतरायच्या आत पुढच्या कामाला पळायचं. नोकरीनिमित्त सिंगापूरला आलो तरी पळणं काही सुटलं नाही. इथे एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, सरकत्या जिन्यावर निवांत लोक डावीकडे उभे राहतात आणि घाईची माणसं उजवीकडून चालत सुटतात. मी कायम उजवीकडे. माझं ऑफिस बुओना व्हिस्टाला, मधुराचं सेरंगूनला, म्हणून फ्लॅट भाड्यानं घेतला हौगांगला. राहायला आलो त्याच आठवड्यात मधुरानं शंकरपाळ्यांची ताटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "शेजारच्या दारावर रामटेके नाव आहे. देऊन ये. आणि दारातूनच परत ये, खोकी उघडायची आहेत."

मॅडमचं दार सताड उघडं होतं. आत साठीला टेकलेली, बारीक अंगाची एक बाई टेबलाशी बसली होती. अंगात फिका सुती कुर्ता, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या, बसा नं. चहा घेऊन जा. पण जरा थांबावं लागेल. डबा अजून घरात यायचा आहे."

मला वाटलं, डबा लावला असेल बाईंनी कुठे. एकट्या राहतात, लावला असेल. मी बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी हवेबद्दल बोललो, लिफ्टबद्दल बोललो, चिंचवडच्या पाण्याबद्दल बोललो. त्या नुसत्या "हो नं" म्हणत होत्या आणि मधूनमधून टेबलावरच्या मुठीएवढ्या एका पत्र्याच्या डबीकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी हाताची उलटी बोटं त्या डबीला लावून पाहिली, लेकराच्या कपाळाला लावतात तशी.

"आला," त्या म्हणाल्या.

मी दाराकडे वळून पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं!

मग उलगडा झाला. त्या डबीत माचा होता, म्हणजे जपानी हिरव्या चहाची पूड. ती फ्रिजमध्ये ठेवायची, नाहीतर तिचा रंग आणि वास उडतो. पण फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडायची नाही. "थंडगार तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम फुटतो का नाही?" मॅडमनी विचारलं. "हा डबा थंड असताना झाकण उघडलं की तोच घाम आत पुडीवर बसते. आणि इथली हवा कशी आहे, तुम्ही पाहूनच राहिले. एका मिनिटात गुठळ्या. म्हणून त्याला आधी बाहेर बसवायचं. तासभर. घरात जेवढी ऊब आहे तेवढी त्याच्यात आली, की डबा घरात आला." त्या नागपूरच्या. सिंगापुरात एकवीस वर्षं काढूनही बोलण्यातलं नागपूर गेलं नव्हतं, आणि मला ते ऐकायला फार गोड वाटायचं.

त्या दिवशी मी दारातून परत गेलो नाही. दीड तासानं गेलो आणि मधुराची जी बोलणी खाल्ली ती विचारू नका.

मॅडम तुआसच्या एका औषधाच्या कारखान्यात इंजिनिअर होत्या. काम कसलं, तर पूड चाळण्याचं. गोळ्या बनवण्याआधी औषधाची पूड एकसारखी बारीक व्हावी लागते, तिच्यात एक खडा राहून चालत नाही, ते सगळं त्यांच्या हाताखाली. तिथली चाळण म्हणे आमच्या बैठकीच्या खोलीएवढी. घरची मात्र तळहातावर मावेल एवढी होती, आणि तिची जाळी इतकी बारीक की तिच्यातून पलीकडचं दिसतं कसं याचंच नवल वाटावं.

डबा घरात आला की पहिलं काम, पंखा बंद. दुसरं, खिडक्या बंद. सिंगापुरात दुपारी चार वाजता पंखा बंद करणं म्हणजे काय ते इथे राहिलेल्याला सांगायला नको. माझ्या पाठीवरून धारा लागायच्या. मॅडमच्या कपाळावर एक थेंब नसायचा. बांबूच्या वाकड्या पट्टीनं त्या दोन वेळा पूड काढायच्या, चाळणीत ठेवायच्या आणि चमच्याच्या पाठीनं हलकेच फिरवायच्या. दाबायच्या नाहीत. दाबली की गुठळी जाळीत जाऊन बसते, म्हणायच्या. खाली पांढऱ्या वाटीत हिरवा धुरळा पडायचा. पडायचा म्हणजे काय, उतरायचा. बंद खिडकीच्या काचेतून उन्हाची एक तिरीप टेबलावर यायची आणि त्या तिरिपीत ती पूड इतकी सावकाश खाली यायची की बघता बघता माझे डोळे जड व्हायचे. एवढी बडबड करणारा मी, पण तिथे तोंड उघडायचं धाडस होत नसे, कारण श्वास जोरात सोडला तरी ती उडायची.

वाटी आधी गरम पाण्यानं ऊन करून मलमलीनं कोरडी पुसलेली असायची. पाणी उकळून एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओततं करायच्या, म्हणजे त्याचा चटका उतरतो. मग चमचाभर पाण्यात पुडीचा लेप, मग बाकीचं पाणी, मग बांबूच्या फेटणीनं फेस येईपर्यंत मनगटातल्या मनगटात हलवणं. हे शेवटचं सगळं दोन मिनिटांचं काम. आणि त्याआधीचं सव्वा तासाचं!

चव म्हणाल तर पहिल्यांदा मला गवतासारखी लागली. मी तसं सांगितलंसुद्धा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग पुढच्या शनिवारी परत या. गवत एकदा खाऊन कळत नाही."

एकदा मी विचारलं, "मॅडम, हे तुमचं ध्यानधारणेचं काही आहे का?" त्यांच्याकडे कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि रोज पहाटे त्यांची वंदना भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायची. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चिंचवडला परत जावंसं वाटलं. "ध्यान काय आहे त्यात? ही केमिकल इंजिनिअरिंग आहे. ध्यान मी सकाळी करते. हा चहा आहे."

पण काही म्हणा, तो तीन ते चारचा तास मात्र मला स्वप्नासारखाच आठवतो. तेव्हा पंखा अजून चालू असायचा, हळू. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बांबूवर वाळत घातलेले कपडे दिसायचे, कुठेतरी कोकीळ ओरडत असायचा, लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर थांबून पुन्हा निघायची. मॅडम काही वाचत नसत, फोन बघत नसत, नुसत्या बसत. मी पहिले काही शनिवार चुळबुळ केली, मग कधीतरी पेंगायला लागलो. अर्धवट झोपेत मला तो डबा जिना चढून वर येताना दिसायचा. चौथ्या मजल्यावर दम खायला थांबलाय, सातव्यावर कुणाला तरी पत्ता विचारतोय, नवव्यावर आलाय. "आला," असा मॅडमचा आवाज यायचा आणि मी जागा व्हायचो. तो तास मी झोपेत घालवला की जागेपणी, हे मला आजही सांगता येणार नाही. मधुरा म्हणायची, "शनिवारी संध्याकाळी तू जरा माणसासारखा वागतोस."

एकदा मी शहाणपणा केला. सेरंगूनच्या मॉलमधून माचाची डबी आणली, फ्रिजमध्ये ठेवली, आणि रविवारी सकाळी काढून, झाकण उपटून, दोन चमचे कपात टाकून वरून उकळतं पाणी ओतलं. वर हिरव्या गोळ्या तरंगायला लागल्या. चमच्यानं चेपल्या तर आतून कोरड्या निघाल्या. फजिती झालेलं पिठलं असतं ना, तसलं काहीतरी. मी तो कप घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी कप उन्हात धरून बराच वेळ पाहिला, कारखान्यात तक्रार आलेला माल बघावा तसा. मग म्हणाल्या, "निखिलभाऊ, तुम्ही कॉफी प्या."

आणि मग, बहुधा मला फार लागलं असेल असं वाटून, त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. कारखान्यात आलेल्या एका जपानी पाहुण्यानं त्यांना पहिली डबी दिली होती. त्यांनीही ती फ्रिजमधून काढून तशीच उघडली होती. "मी, पुडीत आयुष्य काढलेली बाई! सगळी डबी वाया गेली. तेव्हापासून घड्याळ लावून बसते."

मी म्हटलं, "एवढ्या बारीक पुडीच्या एवढ्या गुठळ्या होतातच कशा?"

"बारीक आहे म्हणूनच तर होते. दगड एकटा राहतो. जितकं बारीक, तितकं एकमेकाला धरून बसते."

"मग बसू द्या की धरून. तुम्ही कशाला फोडता?"

या माझ्या वात्रट प्रश्नावर त्यांनी उठून तो कप बेसिनमध्ये रिकामा केला. मग म्हणाल्या, "माझी मुलगी पण असंच विचारायची."

मुलीबद्दल मॅडम कधी सलग बोलल्या नाहीत. शनिवारी शनिवारी एकेक चिमूट कळत गेली. तिचं नाव प्रज्ञा. ती नऊ वर्षांची असताना वडील गेले. मॅडमनी एकटीनं वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे कारखान्यात काम करतात तसं. अभ्यास तपासायचा, मैत्रिणी तपासायच्या, मराठीत चूक झाली की वाक्य पुन्हा म्हणायला लावायचं. पोरगी मग मराठीत बोलायचीच बंद झाली. आईनं मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून ती एका केकच्या किचनमध्ये कामाला लागली, तेव्हा मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "तू एक तरी गोष्ट पुरी केलीस का?" त्यावर ती म्हणाली, "आई, यू सिव्ह पीपल ऑल्सो, लाह." तू माणसंसुद्धा चाळतेस. आणि बॅग भरून दुसरीकडे खोली घेऊन राहायला गेली. त्याला दोन वर्षं झाली होती. सणावाराला एक मेसेज यायचा, बास.

"खोटं नाही बोलली ती," मॅडम म्हणाल्या. "मी तिला रोज चाळलं." आणि उठून पंखा बंद केला.

हे ऐकून मला वाईट वाटलं आणि रागही आला, दोघींचा. एकाच गावात, अर्ध्या तासाच्या अंतरावर राहायचं आणि दोन दोन वर्षं भेटायचं नाही! मी तसं म्हणणार होतो. पण पूड चाळणीत पडली होती.

मग तो शनिवार आला. मॅडमचं इंटरनेट बंद पडलं होतं. आयटीत आहे म्हटल्यावर जगातला कुठलाही राउटर दुरुस्त करणं हे माझं जन्मसिद्ध कर्तव्य आहे असं आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना वाटतं. जेवून लगेच, दोनच्या सुमाराला, मी त्यांच्या टेबलाखाली वायरींच्या जंजाळात शिरलो होतो. दाराच्या ग्रिलवर टकटक झाली. टेबलाखालून मला फक्त पाय दिसले. पांढरे बूट, आणि शेजारी चाकांची मोठी बॅग.

"हाय आई," आवाज आला.

मॅडमच्या हातातला पेला टेबलावर टेकला तो जरा जोरातच टेकला.

मी बाहेर यावं की आतच राहावं मला कळेना. शेवटी अर्धा बाहेर आलो, "मी निखिल, शेजारी, राउटर," असं काहीतरी बोललो आणि पुन्हा आत गेलो. पोरगी मॅडमसारखीच बारीक होती. डोळे मात्र थकलेले. ती सांगत होती की तिला ऑस्ट्रेलियात, पर्थला, एका बेकरीत नोकरी लागली आहे, कागदपत्रं झाली, आज संध्याकाळची फ्लाइट आहे, तीन वाजता चांगी विमानतळावर जायला टॅक्सी येणार आहे. सगळं इंग्रजीत, भराभर. मॅडम एकच शब्द बोलल्या, "आज?"

"हाफ अवर आहे मला," प्रज्ञा म्हणाली. मग जरा थांबून, "आई, चहा करतेस? तुझावाला."

हे शेवटचं पूर्ण मराठीत होतं. टेबलाखाली मी वायर सोडून कान टवकारले. दोन वर्षांनी पोरगी आली होती आणि स्वतःहून तो हिरवा चहा मागत होती. मी मनात म्हटलं, करा मॅडम, पटकन करा!

फ्रिज उघडल्याचा आवाज आला. डबी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. मॅडम बसल्या होत्या.

"डबा घरात यायला तास लागेल," त्या म्हणाल्या. "बस."

"आई, हाफ अवर म्हटलं ना."

"तासाच्या आत उघडता येत नाही. गुठळ्या होतात. तुला माहीत आहे."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग प्रज्ञा हसली, पण ते हसणं ऐकवलं नाही.

"आय कम ऑलरेडी, वॉट," ती म्हणाली. "मी आलेय की घरात. टू इयर्स, आई. आणि तुझा डबा आला नाही म्हणून..." पुढचं तिनं सोडून दिलं. "नेव्हर माइंड. टेक केअर, हं."

बॅगेची चाकं कॉरिडॉरमधून खडखडत गेली. लिफ्ट आली आणि गेली. तीन वाजायला अजून वीस मिनिटं होती.

मी बाहेर आलो तेव्हा मॅडम डबीकडे बघत बसल्या होत्या. मला निघायचं होतं पण पाय उचलेना. बसलो. आम्ही दोघं तासभर बसलो. तो एकच तास असा की मला डुलकी लागली नाही. तास झाल्यावर त्यांनी उलटी बोटं डबीला लावली, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि चाळणी घेतली. वाट्या दोन काढल्या. हात जराही हलला नाही. चहा नेहमीसारखाच झाला, एकही गुठळी नव्हती. एक वाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि मला कळलं की ती माझ्यासाठी केलेली नाही. मी ती पिऊन टाकली. दुसरं काय करणार?

"तासभर तरी बसेल, असं वाटलं होतं," मॅडम म्हणाल्या.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. मग मात्र माझा तोल गेला. एवढ्या मोठ्या बाईंवर मी चक्क ओरडलो. "अहो, मग तसं म्हणायचं ना! थांब म्हणायचं! तुम्ही डब्याचं काय सांगत बसलात? टॅक्सी पुढे ढकलता येते, नाहीतर मी दुसरी बोलावली असती!"

त्यांनी ते ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला तसं म्हणता येत नाही, निखिलभाऊ. मला पद्धत सांगता येते."

त्यानंतरचे शनिवार सुने गेले. मॅडमचं दार लावलेलं असायचं. कारखान्याची बस सकाळी खाली यायची, त्या जायच्या, यायच्या. मी दुपारी तीनला उगाच कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायचो. एकदा लिफ्टपाशी भेटल्या, तेव्हा मी विचारलं, "पोचली का प्रज्ञा?" त्यांनी फोन दाखवला. त्यांनी लिहिलं होतं, "नीट पोचलीस का? जेवणाची सोय काय आहे? थंडीचे कपडे आहेत का? बेकरीत मास्क लावावा, मैद्याची पूड छातीत जाते." खाली उत्तर होतं, "रीच्ड." एवढंच. मी त्यांच्या मेसेजकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तेही त्यांनी पाहिलं.

"पर्थचं आणि आपलं घड्याळ एकच आहे," त्या म्हणाल्या. "माझे चार वाजले की तिचेही चारच वाजतात." आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

त्यानंतर आठवड्याभरानं आमची बेल वाजली. मॅडम आमच्याकडे आपणहून कधी येत नसत. दारात फोन घेऊन उभ्या होत्या आणि चेहरा असा होता की मधुरानं आधी पाणीच आणलं. "हे रेकॉर्ड करून पाठवतात ते तुम्हाला येते नं? मी केलं. पण गेलं की नाही कळत नाही. बघून द्या."

मी फोन घेतला. मेसेज गेलेला नव्हता, अर्धवट अडकला होता. आणि त्याच्या आधी तसेच केलेले आणि पुसलेले कितीतरी, त्यांच्या पुसल्याच्या ओळी एकाखाली एक. मी म्हटलं, "पाठवू?" त्या म्हणाल्या, "आधी ऐका. पद्धत चुकली का सांगा." मी नको नको म्हणत असताना त्यांनीच बटण दाबलं. फोनमधून मॅडमचा आवाज आला, शाळेत पाठ म्हणावा तसा ताठ:

"प्रज्ञा, आई बोलते आहे. डबा थंड उघडला असता तरी चाललं असतं. गुठळ्या झाल्या असत्या तरी चाललं असतं. तू अजून थोडी थांबावीस म्हणून मी तास सांगितला. माझं चुकलं. मला तू हवी होतीस, चहा नाही."

मधुरा स्वयंपाकघरात निघून गेली. मी मान हलवली आणि बटण दाबलं. दोन खुणा उमटल्या. मधुरा परत आली आणि आम्ही तिघंही आमच्या सोफ्यावर बसून त्या खुणांकडे बघत राहिलो. काही वेळानं त्या निळ्या झाल्या.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे ऐकलं तिनं."

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या शनिवारीही नाही. मी रोज विचारायचो आणि विचारल्यावर स्वतःलाच शिव्या द्यायचो. असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी मी ऑफिसला निघालो, तर लिफ्टपाशी मॅडम उभ्या. पायांत बूट, जे मी त्यांच्या पायांत कधी पाहिले नव्हते, अंगात जाड स्वेटर, हौगांगच्या त्या उकाड्यात, आणि शेजारी एक छोटी बॅग.

"पर्थला चालले," त्या म्हणाल्या. "व्हिसा आला. आठ दिवसांचं तिकीट काढलं."

"तिनं बोलावलं?"

"नाही. मी कळवलं, इतक्या वाजता उतरते म्हणून. तिनं ये म्हटलं नाही." मग जरा वेळानं, "नको पण नाही म्हटलं."

त्यांनी पर्समधून किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, मागच्या खिडकीत कढीपत्ता आहे, त्याला एक दिवसाआड पाणी घाला, फार नाही, पेलाभर. मी विचारलं, "चहाचं सामान घेतलंत ना सगळं?"

"नाही घेतलं," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे जे असेल ते पिईन."

लिफ्ट आली. त्या आत गेल्या. दार लागायला लागलं तेव्हा मला त्यांचा हात दिसला. ज्या हातानं पूड चाळताना कधी एक कण बाहेर सांडला नाही, त्या हातानं त्या बॅगेचा दांडा घट्ट धरून उभ्या होत्या. लिफ्टमध्ये मलाही जायचं होतं खरं तर, ऑफिसला उशीर होत होता. पण मी गेलो नाही.

आठ दिवस मी कढीपत्त्याला पाणी घातलं. रोजच घातलं, एक दिवसाआड घालायला सांगितलेलं असून. त्या रिकाम्या घरात शनिवारी-रविवारी दुपारी ती उन्हाची तिरीप टेबलावर येऊन पडायची आणि तिच्यात नुसती धूळ असायची. मी जरा वेळ तिथे बसायचो. आठव्या दिवशी मी संध्याकाळपासून लिफ्टच्या आवाजाकडे कान लावून होतो. लिफ्ट अकराव्यावर दोनदा थांबली, दोन्ही वेळा दुसरंच कुणीतरी होतं. मग फोन वाजला. मेसेज होता.

"निखिलभाऊ, तिकीट पुढे ढकललं. कढीपत्त्याला अजून काही दिवस पाणी घालाल का? प्रज्ञा थांब म्हणते."

मी ते मधुराला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो आणि शेवटचे तीन शब्द माझ्याच्यानं वाचवेनात. मग एकदाचं डोळे पुसून उत्तर लिहायला घेतलं. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मी किती लिहू शकतो हे तुम्हाला आता कळलंच असेल. पण एवढंच लिहिलं: "घालतो. घाई करू नका."